लेआऊट

नागपूरच्या आसपासच्या कोणत्याही गावात जा आणि पाच वर्षांच्या पोराला विचारा, "बाबू, लेआऊट म्हणजे काय?" तो अर्थ सांगणार नाही, बोट दाखवील. "तो काय, त्या बाजूनं हाय." आमच्याकडे लेआऊट ही बोटानं दाखवायची गोष्ट आहे. तिथं लोक राहतात, तिथल्या घरी दूध घालायला जावं लागतं, तिथल्या पोरीशी सोयरीक जुळते, तिथं गाय चरायला सुटते. नागपूर शहरात तर पत्ताच तसा असतो. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, पांडे लेआऊट. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की तो मीटरकडे न पाहता निघतो.

आमच्या एका भाच्याची सोयरीक पुण्याला झाली. मुलीकडच्या मंडळींना पत्ता सांगितला तर मुलीचे मामा म्हणाले, "लेआऊट तर कागदावर असतो ना? त्यात तुम्ही राहता कसे?" सगळे हसले. पुण्यात पेठा, मुंबईत वाड्या आणि चाळी, आणि आमच्याकडे लेआऊट. खाली बंगळूरला एचएसआर लेआऊट, बीटीएम लेआऊट आहेत, म्हणजे त्या लोकांना आमची भाषा समजत असावी. पण मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. शब्द मुळात कागदावरचाच. तो कागदावरून जमिनीवर कसा उतरला, आणि उतरताना काय काय पुसत गेला, हे मी माझ्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहून पाहिलं आहे. त्याची ही हकीकत.

माझं शिक्षण दहावी. १९७७ साली पास झालो, इंग्रजीत छत्तीस मार्क. तरी शब्दाची खाज मोठी. गावच्या हायस्कुलातल्या मास्तरांकडून जाडजूड शब्दकोश आणला आणि चष्मा पुसून पाहिलं. 'ले' म्हणजे ठेवणं, अंथरणं. 'आऊट' म्हणजे बाहेर, उघड्यावर. दोन्ही मिळून मांडून ठेवणं, पसरून ठेवणं. लग्नाचे कपडे खाटेवर मांडून ठेवले, ते 'ले आऊट' केले. बगीचा आखला, तोही. पैसा खर्च केला, तोही. आणि मयताला आंघोळ घालून, कपडे घालून नीट निजवून ठेवलं, तर त्यालाही इंग्रज माणूस हेच म्हणतो. पुढे ही दोन पदं एकत्र येऊन त्यांचं नाम झालं, म्हणजे मांडणी, रचना. नंतर छापखानेवाल्यांनी पानाच्या मांडणीसाठी तोच शब्द घेतला.

धुऱ्याच्या शेजाऱ्याला मी हे वाचून दाखवलं. तो तंबाखू मळत ऐकत होता. मयताचा अर्थ ऐकला आणि म्हणाला, "मंग तं बराबरच हाय ना भाऊ. वावराले साफ करते, पांढऱ्या चुन्याच्या रेघा वढते, अन् सरळ निजवून ठेवते." शब्दकोशवाल्यांना हे सुचलं नसतं.

एकदा मुंबईच्या एका दिवाळी अंकाकडून फोन आला होता. पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या लेखाचा लेआऊट झालाय, फोटो पाठवा." मी विचारलं, "किती प्लॉट पडले?" ती गप्प. नागपूरची असती तर खळखळून हसली असती.

आता माझी गोष्ट. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो घरांसाठी नाही, झाडांसाठी.

आमचं गाव वर्धा रोड आणि हिंगणा रोड यांच्या मधल्या पट्ट्यात. १९७९ च्या उन्हाळ्यात बाबांनी तीन एकरांत संत्र्याची बाग लावायचं ठरवलं. त्या वावराचं नाव आंब्याचं वावर. आंबा मी पाहिलेला नाही, आज्याच्या काळातच तो पडला. नाव मात्र उभं होतं. बाबांनी सुंभाची लांब दोरी घेतली, वीस-वीस फुटांवर चिंध्या बांधल्या. एक टोक माझ्या हातात, एक धाकट्या भावाच्या. चिंधी जिथं येईल तिथं राख टाकायची आणि खुंटी ठोकायची. मग दोरी आडवी धरायची आणि पुन्हा तसंच. चौकोन चुकला की बाबा ओरडत, "काटकोनात धर, बैताडा!" वीस बाय वीस फूट अंतर म्हणजे एकराला एकशे आठ झाडं बसतात. तीन एकरांत तीनशे वीसच्या वर खड्डे. वैशाखात खड्डे खणून तापू दिले, पाऊस पडल्यावर जंबेरीवरची कलमं लावली.

खुंट्या ठोकून झाल्या तेव्हा शेतकी खात्याचा एक माणूस सायकलवरून आला होता. धुऱ्यावर उभा राहून त्यानं एक डोळा मिटून ओळी पाहिल्या. उभ्या सरळ, आडव्या सरळ, तिरप्या पाहिल्या तरी सरळ. म्हणाला, "वा पाटील, लेआऊट फर्मास केला." बाबांनी मला हळूच विचारलं, "काय म्हणून रायला तो?" मी म्हटलं, "आखणीले म्हणते." बाबा खूश झाले. नंतर कितीतरी दिवस पाहुण्यांना बाग दाखवताना ते म्हणत, "लेआऊट पहा. साहेबानं तारीफ केली." म्हणजे आमच्या घरात हा शब्द आला तो संत्र्याच्या सावलीत आणि बाबांच्या अभिमानात.

पाच-सहा वर्षांत बाग धरली. आंबिया बहाराचा फुलोरा आला की गावात शिरतानाच वास यायचा.

दुसरा अर्थ शहराकडून आला. मानेवाड्याला माझ्या आत्याचं घर. तेव्हा तिथं वावरंच होती. दर दिवाळीला जावं तर एकेक वावर कमी झालेलं. आत्या म्हणायची, "त्यायनं लेआऊट पाडला." हे क्रियापद मी तिथं ऐकलं. आमच्या भाषेत काय काय पाडतात, आठवून पहा. झाड पाडतात, भिंत पाडतात, भोक पाडतात, उमेदवार पाडतात. लेआऊटही पाडतात, प्लॉटही पाडतात. इंग्रजीत जी गोष्ट मांडायची होती ती मराठीत आल्यावर पाडायची झाली. शब्द आपल्या घरी आला की आपलं क्रियापद घेतो, आणि खरं काय ते क्रियापदातून कळतं.

दुसरी गंमत लिंगाची. वावर हे नपुंसकलिंगी. ते वावर. लेआऊट आला तो पुल्लिंगी होऊन. तो लेआऊट, त्या लेआऊटात, लेआऊटले, लेआऊटवाला. विभक्तीचे प्रत्यय लागले की शब्द परका राहत नाही. माझी माय तर त्याला 'लेवट' म्हणायची.

आमच्या पट्ट्यात हा दुसरा अर्थ पोचला तो मिहानबरोबर. विमानतळाला लागून मोठा मालवाहतूक प्रकल्प येणार, कारखाने येणार, असं २००२ च्या पुढे जो तो बोलू लागला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही नावं रोज पेपरात. ज्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या त्यांची कहाणी वेगळी. आमच्या जमिनी गेल्या नाहीत, पण भाव आला. पांढरे बूट घातलेली माणसं धुऱ्यावरून चालू लागली. त्यांच्यासोबत आणखी शब्द आले. गिऱ्हाईक नव्हे, 'पार्टी'. इसार नव्हे, 'टोकन'. दलाल नव्हे, 'डेव्हलपर'.

बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या. आंब्याचं वावर धाकट्या भावाकडे गेलं. बाग पंचवीस वर्षांची म्हातारी झाली होती. डिंक्यानं बुंधे सडत होते, विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवायची. भावाला दोन पोरींची लग्नं करायची होती. २००६ साली त्यानं वावर दिलं. मी त्याला दोष दिला नाही आणि आजही देत नाही. ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याला बाग राख म्हणणं सोपं आहे.

हिशेब पहा. एकर म्हणजे त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट. तीन एकरांचे झाले एक लाख तीस हजार सहाशे ऐंशी. रस्ते, नाल्या, मोकळी जागा यात चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले की उरतात अठ्ठ्याहत्तर हजार. तीस बाय पन्नासचा, म्हणजे दीड हजार फुटांचा प्लॉट धरला तर बावन्न प्लॉट. जिथं तीनशेवर झाडं बसत होती तिथं बावन्न प्लॉट बसले.

जेसीबी आला तेव्हा भाऊ गावात थांबला नाही, सासुरवाडीला निघून गेला. मी धुऱ्यावर होतो. झाडं निघाली, जमीन सारखी झाली, आणि मग मोजणीची माणसं आली. त्यांनी टेप ताणला, चुन्याच्या रेघा ओढल्या, काटकोन पाहिला, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवले. त्यातला एक पोरगा एक डोळा मिटून ओळ पाहत होता. ओळ सरळ होती. काम अगदी बाबांचंच होतं. शब्दही तोच होता. फक्त त्या खुणांवर काही उगवणार नव्हतं.

फाट्यावर फलक लागला, देवाच्या नावानं, आणि पुढे 'लेआऊट'. आंब्याचं वावर हे नाव त्या दिवशी संपलं. वावरांना नावं असतात हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. बरडीचं, नाल्याचं, म्हसोबाचं, आंब्याचं. पटवाऱ्याच्या सातबाऱ्यावर मौजा आणि खसरा नंबर असतो. नावं तोंडात असतात. माय मला म्हणायची, "आंब्याच्या वावरातून सांबार आणजो," आणि मला कळायचं किती दूर जायचं, वाटेत कुठं काटे आहेत, कोणाचा कुत्रा आहे. एका शब्दात रस्ता, माती, पाणी सगळं. लेआऊटात हे सगळं जाऊन आकडे आले. प्लॉट नंबर सतरा, प्लॉट नंबर अठरा. माय शेवटपर्यंत त्याला आंब्याचंच म्हणायची. आता तिच्यानंतर तसं म्हणणारे मी आणि भाऊ, दोघंच.

प्लॉट घेणाऱ्यांबद्दल माझ्या मनात वाकडं नाही. कोणी निवृत्त कारकून, कोणी नर्सबाई, कोणी आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढलेला माणूस. एक गृहस्थ दर रविवारी बायकोला स्कूटरवर घेऊन यायचे. बांधकामाला पैसा नव्हता, नुसता प्लॉट पाहायचा. दगडाजवळ सतरंजी टाकायचे, डबा उघडायचे. कोपऱ्यात एक लिंबाचं झाड वाचलं होतं. त्यांनी एकदा मला विचारलं, "पाटील, हे झाड आमच्या प्लॉटात येतं की रस्त्यात?" मी दगडावरून दगड जुळवून सांगितलं, "अर्धं तुमच्यात येते." ते किती आनंदले! बायकोला हाक मारून सांगितलं. जमीन आपली असण्याचा आनंद आमच्यासारखाच त्यांना होत होता. तो आनंद लेआऊट या शब्दात आहे, हेही मी लिहून ठेवतो.

तिसरा अर्थ आला कज्ज्यातून. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं झालं, म्हणजे आखणी करून शहर वाढवायची रीत इथं जुनी. पण शहराची भूक आखणीपेक्षा मोठी निघाली. संस्था आणि व्यापारी वावरं घेत गेले, प्लॉट विकत गेले, मंजुरी राहून गेली. मग २००१ साली सरकारनं गुंठेवारीचा कायदा आणला की असे तुकडे पैसे भरून नियमित करून घ्या. नागपुरात '५७२ लेआऊट' आणि '१९०० लेआऊट' अशी बोलायची पद्धतच पडली. माणूस म्हणतो, "आमचा पाचशे बहात्तरमधला." दुसरा म्हणतो, "आमचा एकोणीसशेतला." जात विचारावी तशी ही लेआऊटची जात. सोयरीक करतानाही विचारतात, "प्लॉट आहे म्हणता, पण आरएल आहे का?"

आमच्या लेआऊटातही अशीच अडचण निघाली. एका कार्यालयातून नोटीस आली, ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. तिच्यात शब्द होता 'अभिन्यास'. अनधिकृत अभिन्यास. पन्नास माणसं भिंतीसमोर उभी, एकालाही कळेना. एक आजीबाई घाबरून म्हणाली, "कोनता रोग हाय बाप्पा?" मी सांगितलं, "आजी, लेआऊटले म्हणते." ती म्हणाली, "मंग मराठीत लिवाचं ना!" आता बोला. तिच्या लेखी इंग्रजी शब्द मराठी झाला होता आणि मराठी शब्द परदेशी.

ते रविवारचे गृहस्थ त्या दिवशी आले होते. नोटीस दोनदा वाचली. मला म्हणाले, "म्हणजे हा लेआऊट आहे, पण कागदावर लेआऊट नाही." त्यांच्या त्या एका वाक्यात शब्दाचा सगळा प्रवास आला. कागदावर जन्मलेला शब्द जमिनीवर उतरला, माणसांनी त्यात आयुष्याची पुंजी ओतली, आणि आता कागद त्याला ओळख देत नव्हता. पुढे पैसे भरून काहींचं काम झालं, काहींचं अजून रेंगाळत आहे. त्यांचं झालं की नाही मला माहीत नाही. स्कूटर यायची बंद झाली.

लेआऊटचा एक धनी मात्र नोटीस पाठवत नाही. तो म्हणजे पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली. सकाळी टीव्हीवर नावं येत होती. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी. चांगली जुनी, बांधीव वस्ती, पण गाड्या पाण्यात, माणसं होडीत. ते पाहताना मला आमचं आंब्याचं वावर आठवलं. तिथं दक्षिणेच्या बाजूनं एक घळ होती. बाबांनी बाग आखताना ती सोडून दिली होती. दोरी तिथं आली की म्हणत, "हे पान्याचं हाय, इथं खुंटी नोको." दोन ओळी कमी झाल्या, पण पाणी आपल्या वाटेनं नाल्याला जायचं. नव्या आखणीत त्या घळीवर चार प्लॉट आले. आता मोठा पाऊस झाला की त्या चार घरांतल्या बाया गाद्या माळ्यावर टाकतात. आखणी तीच, दोरीऐवजी टेप. फरक एवढाच की बाबांना त्या वावरातच जगायचं होतं, आखणाऱ्याला विकून जायचं होतं.

आणि चौथा अर्थ? तो अजून शब्दकोशात कुठं सापडायचा नाही. तो आमच्या घरातच तयार झाला.

माझ्याकडे अजून पाच एकर आहे, बरडीचं आणि नाल्याचं. पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. तिन्ही बाजूंनी लेआऊट आले आहेत. समृद्धी महामार्ग शिवमडक्याजवळ सुरू होतो, २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंतचा भाग खुला झाला तेव्हापासून फोन वाढले. पार्टी मला फोन करत नाही, मुलाला करते. मुलगा बुटीबोरीला कारखान्यात जातो. तो मला विका म्हणत नाही. फक्त जेवताना भाव सांगतो, जसं कोणी हवामान सांगावं. मी ऐकून घेतो. त्याचंही खरं आहे. पऱ्हाटीच्या पैशात नातीच्या शाळेची फी निघत नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या माघारी तो काय करील ते मी त्याच्याकडून वदवून घेत नाही. मेलेल्या माणसाची शपथ जित्याच्या गळ्यात बांधू नये.

नात दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. तिच्या सगळ्या मैत्रिणी लेआऊटातल्या. संध्याकाळी पोरं मोकळ्या प्लॉटांवर खेळतात, म्हणून "लेआऊटवर जातो" म्हणजे खेळायला जातो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास ती माझ्याबरोबर वावरात आली. पऱ्हाटी कमरेइतकी, बोंडं फुटू लागलेली. ती चहूकडे पाहून म्हणाली, "आबाजी, आपला लेआऊट कुठपर्यंत आहे?"

ती थट्टा करत नव्हती. तिच्या भाषेत माणसाच्या मालकीची जी जमीन, तिला लेआऊटच म्हणतात. उभ्या पिकातलं वावरही लेआऊट. कागदावरची आखणी, मग जमिनीचे तुकडे, मग वस्तीचा पत्ता, आणि आता नुसती जमीन. शब्दानं वावर हा शब्दच गिळला होता, आणि तो गिळणारं तोंड माझ्या नातीचं, दुधाचे दात पडत असलेलं.

मी तिला रागावलो नाही. भाषा पोरांच्या तोंडातच बदलते, तिला दटावून काही होत नाही. तिचं बोट धरलं आणि धुऱ्या-धुऱ्यानं चालत गेलो. सांगितलं, हे बरडीचं, इथं दगड फार, तूर चांगली येते. तो पळस दिसतो ना, तिथून नाल्याचं, तिथं चिखल, चप्पल हातात घे. आणि त्या पलीकडे घरं दिसतात, पांढरी टाकी दिसते, ते आंब्याचं.

"पण तिथं आंबा कुठं आहे?"

"मीही नाही पाहिला," मी म्हटलं. "माझ्या आज्यानं पाहिला होता."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग टाकीकडे बोट करून म्हणाली, "माझी मैत्रीण आंब्याच्या वावरात राहते." आणि चप्पल हातात घेऊन नाल्याच्या वावरात उतरली.